थांबण्याचं कारण

"अभिनंदन, अक्का," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. आमच्या घरात अभिनंदन हा शब्द कोणी वापरत नाही, त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे मला तिथेच कळलं. "घर तुला मिळालें. सोमवारीं रजिस्ट्रेशन. तूं मागितलेंस तें मला एकदां सांगायचें तरी."

मी पुण्यात विभागाच्या जिन्यात उभी होते, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. कुठलं घर, हा माझा पहिला प्रश्न. कुंभकोणमचं. मी कधी मागितलं, हा दुसरा. त्यावर तो हसला, आणि ते हसू मला अजून आठवतं. "अप्पा म्हणतात तूं विचारलेंस. झोपाळ्यावर बसवून, कागद घेऊन," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

झोपाळा म्हटल्यावर मी गठ्ठा तिथेच पायरीवर ठेवला.

मी अर्थशास्त्र शिकवते. माझा अभ्यासाचा विषय कुटुंब: आईबाप मुलांना काय देतात, कधी देतात, आणि मुलं पुढे काय करतात. विषय सांगितला की लोक आधी हसतात आणि मग हळूच थोरल्या वहिनीबद्दल बोलायला लागतात. वीस वर्षं मी हेच करत आले आहे. आईबापांच्या हातात काही शिल्लक आहे म्हणून मुलं येतात की उगीचच येतात, हे आकड्यांवरून ओळखता येतं का, असा माझा खटाटोप. घरी कोणी याला फारसं महत्त्व दिलं नाही. अम्मा शेजारणींना सांगते, मुलगी कॉलेजात हिशेब शिकवते.

दोन वर्षांपूर्वी मी म्हाताऱ्या आईबापांसाठी एक प्रश्नावली केली. चाळीस प्रश्न. गावोगाव न्यायच्या आधी ती कोणावर तरी वापरून बघायची असते. शब्द खटकतात का, माणूस कुठे अडखळतो, वेळ किती लागतो. विद्यार्थी हे काम आपापल्या घरी करतात. मला तमिळ तर्जुमा कानाला कसा लागतो ते ऐकायचं होतं, त्रिचीला एक परिषद होती, म्हणून वाटेत दोन दिवस कुंभकोणमला उतरले आणि अप्पांनाच धरलं. ते हॉलमधल्या झोपाळ्यावर, मी समोर खुर्चीवर, मांडीवर पॅड. घर कोणाच्या नावावर? मुलं किती? कोण कधी येतं, किती दिवस राहतं? घर हयातीतच मुलांना देण्याचा विचार आहे का? कोणाला? का?

या 'हयातीत' वाल्या प्रश्नाला अप्पांनी झोपाळा पायानं थांबवला. "तुला काय वाटतें?" ते म्हणाले.

"माझं वाटणं यात येत नाही, अप्पा. तुमचं सांगा."

त्यांनी माझ्या पॅडकडे बघितलं. मग म्हणाले, "लिही, विचार करतों."

मी 'अनिश्चित' या चौकोनात खूण केली आणि पुढे गेले. मधे कधीतरी, प्रश्न कोरडे वाटू नयेत म्हणून, मी माझंही सांगितलं: निवृत्तीनंतर विद्यापीठाचं क्वार्टर सोडावं लागेल, पुण्यात एकटीनं घर बघायचं म्हणजे डोक्याला ताप. हे आमच्या धंद्यातलं शहाणपण आहे. आपण थोडं बोललं की समोरचा मोकळा होतो. तीन तासांनी मी त्यांना एक कोरी प्रत ठेवायला दिली, वर आभार मानले, आणि संध्याकाळी बसमध्ये बसले.

आता आमच्या लोकांबद्दल थोडं सांगायला हवं. तंजावरच्या दरबारात चाकरीला आलेल्या घराण्यांपैकी आम्ही. दरबार गेला, चाकरी गेली, मराठी तेवढी घरात राहिली, तीही अशी की पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी मुली मला मुद्दाम बोलायला लावून हसायच्या. भाषेबरोबर दरबारातली आणखी एक गोष्ट राहिली असावी. आमच्यात सरळ मागत नाहीत. अम्माला शेजारच्या घरचा नारळ हवा असेल तर ती विचारते, यंदा झाडाला धरले का बरे? संध्याकाळपर्यंत दोन नारळ दारात येतात. मागणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायला लावणं हा आमच्यात अपमान. आणि कोणी काही दिलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, मग घ्यायचं. अशा घरात वाढलेल्या बाईनं बापासमोर तीन तास बसून घराबद्दल चाळीस प्रश्न विचारले, आणि तिला वाटलं ती सर्व्हे करतेय. हा मूर्खपणा करायला अर्थशास्त्रात पीएच.डी. लागते.

भावाचा फोन ठेवला आणि अप्पांना लावला. "अप्पा, मला घर नको."

"ये सोमवारीं," ते म्हणाले. "सही लागते." आवाजात समाधान होतं. माझं पहिलं नको त्यांनी रीतीप्रमाणे मिळालं असं धरलं होतं.

मी रविवारी चेन्नईपर्यंत विमानानं आणि पुढे रात्रीच्या बसनं गेले. वाटभर मला माझेच तक्ते डोळ्यांसमोर दिसत होते. घर आधीच देऊन बसलेले म्हातारे मी खूप पाहिलेत. पुढची खोली मागची होते, मग मागची खोली अडचणीची होते. कोणी वाईट नसतं, कोणी घराबाहेर काढत नाही, फक्त पंखा बिघडला तर तो दुरुस्त करायचा की नाही हे दुसरं कोणी ठरवतं. अप्पा एक्याऐंशीचे, अम्मा पंचाहत्तरची. आणि भाऊ कोइमतूरहून दर महिन्याला येतो, त्यांना दवाखान्यात नेतो, गिरणीवर जाऊन कॉफी दळून आणतो. त्याला काही नाही. सगळं मला, मी मागितलं म्हणून. तो पुन्हा त्या दारात पाऊल ठेवेल का, हे ओळखायला मला कुठल्या प्रश्नावलीची गरज नव्हती.

सकाळी आठला घरी पोचले. अप्पा आंघोळ करून, कडक इस्त्रीचं वेष्टी नेसून तयार. आदल्या दिवशी तिरुवलंचुळीच्या विनायकाला जाऊन आले होते, कपाळावर तिथलंच भस्म. मांडीवर कागदांची फाइल. सोमवारचा राहुकाल नवाला संपतो, टोकन अकराचं, असं त्यांनी मला सांगितलं. गाडीची वेळ सांगावी तसं.

"अप्पा, खरंच नको," मी म्हणाले.

"झालें दोनदां," ते म्हणाले आणि चक्क हसले.

अम्मानं इडलीचं ताट माझ्यासमोर ठेवलं, आदळलं म्हणायला हवं. दोन वर्षं फोनवर ती माझ्याशी तुटक बोलत होती. मी वयावर ढकललं होतं. "अम्मा, तू तरी त्यांना सांग," मी म्हणाले.

"मीं कोण?" ती म्हणाली. "चाळीस प्रश्न विचारलेस. मला एक तरी विचारलास की? मीं बी ह्याच घरांत राहतें."

त्याचं कारण अगदी साधं होतं. घर ज्याच्या नावावर त्यालाच प्रश्न विचारायचे, असं माझ्या नियमात होतं. तो नियम मीच लिहिला होता. मी इडली चिवडत बसले. मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

भाऊ बाहेर गाडीत बसून होता. घरात आला नाही. आम्हाला कचेरीत नेण्याचं काम मात्र त्याचंच. अप्पांना नेहमी तोच नेतो. साक्षीदार म्हणून जवळच्या मरुदानल्लूर गावचे एक भजनी मामा येऊन थांबले होते, अप्पांचे चाळीस वर्षांचे स्नेही. त्यांनी माझ्याकडे बघितलं तेही जरा वेगळंच बघितलं.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत व्हरांड्यात दस्त लिहिणारा बसतो. त्यानं मसुदा वाचून दाखवला. हयातीतलं दान, मुलीला, संपूर्ण घर, आजपासून. मी विचारलं, आईवडिलांनी मरेपर्यंत तिथे राहायचं, असं कलम कुठाय? त्यानं अप्पांकडे बोट दाखवलं. "मी दोनदा सुचवलं. अय्या नको म्हणाले."

"मुलीला अट घालायची?" अप्पा म्हणाले. "दिलें तर अस्कें दिलें." अस्कें म्हणजे आमच्या बोलीत सगळं.

अकरा वाजून गेले. आत बोलावलं. मी बरोबर फाइल घेतली होती, कारण घरपट्टीची पावती मागतील असं लिहिणाऱ्यानं सांगितलं होतं. सब-रजिस्ट्रार माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून अप्पांना विचारलं, "स्वतःच्या इच्छेनं देताय? कोणी जबरदस्ती केली नाही?"

"नाही," अप्पा म्हणाले. "मुलीनं विचारलं, मी देतो."

माझ्या पाठीमागे भाऊ उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मग अंगठा. कारकुनानं यंत्र पुढे सरकवलं. अप्पांनी अंगठा ठेवला, यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुसून पुन्हा ठेवला. लाल. दुसरा अंगठा. लाल. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, कारकून म्हणाला, रोजचंच आहे, आणि ओल्या फडक्यानं त्यांचं एकेक बोट पुसायला लागला. पावती तयार ठेवावी म्हणून मी फाइल उघडली. जुनं खरेदीखत, वीजबिल, घरपट्टी, आणि त्यांच्यामधे माझी प्रश्नावली. ती कोरी प्रत. ती आता कोरी नव्हती.

अप्पा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. आडबाजूची छोटी स्टेशनं. शाळा सुटली की मी त्यांच्या खोलीत बसून गृहपाठ करायची, आणि ते गाड्यांच्या मोठ्या वहीत लिहायचे: गाडी, आली किती वाजता, गेली किती वाजता, आणि शेवटी थांबण्याचं कारण. सिग्नल नव्हता. इंजिन बिघडलं. रुळावर गुरं. काही गाड्यांसमोर कारणाच्या जागी नुसती रेघ असायची. एकदा मी विचारलं, रेघ का? "हें तिचें स्टेशन," ते म्हणाले होते. "ती इथें थांबणारच. कारण कशाला?"

प्रश्नावलीच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीनं तशीच वही आखली होती. मुलं कधी येतात, या माझ्या प्रश्नाचं उत्तर. शब्द मराठी, अक्षरं तमिळ, आमच्या घरात लिहितात तशी. डावीकडे मुलगा, उजवीकडे मुलगी. डावीकडची यादी लांब होती. आला, गेला, आणि कारणाच्या जागी रेघ, रेघ, रेघ, पान संपेपर्यंत. उजवीकडे माझ्या सहा ओळी. परिषद, तंजावर. अम्माचे डोळ्याचें ऑपरेशन. लग्न, मामाकडचें. परिषद, चेन्नई. पासपोर्टाचे कागद. शेवटची ओळ: सर्व्हे.

एकही रेघ नव्हती.

पान उलटलं. मुलांनी तुमच्याकडे काय मागितलं, असा एक प्रश्न मी घातला होता. त्यासमोर मुलगा: कांहीं नाही. मुलगी: घर.

"आलं," कारकून म्हणाला. हिरवा दिवा लागला होता. अप्पांच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्यासारखा आनंद. "आता तुम्ही या," बाई मला म्हणाल्या. "स्वीकारल्याची सही, इथे आणि इथे."

तो कागद कोणाला दिसू नये म्हणून मी फाइल छातीशी धरली. मराठीत मी दोनदा नको म्हणून चुकले होते, आणि आता तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर अप्पांना फक्त जास्त रीतीची वाटले असते. म्हणून मी बाईंकडे वळले आणि तमिळमध्ये, व्हरांड्यातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, मला हे घर नकोय. मी मागितलं नव्हतं. मी सही करणार नाही."

घराबाहेर आम्ही तमिळ बोलतो, आणि परक्यासमोर तमिळमध्ये नको म्हटलं की ते नकोच असतं. अप्पांना ते कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. सगळ्या कचेरीसमोर बापाचं दान परत केलं होतं मी. मामांनी खाली मान घातली. बाईंनी पुढचं टोकन पुकारलं.

परतताना भावानं गाडीच्या आरशातून एकदोनदा माझ्याकडे पाहिलं. घरी पोचल्यावर अप्पा झोपाळ्यावर बसले, पण त्यांनी तो हलवला नाही. वेष्टी बदललं नाही. अम्मानं कॉफी आणली, ती निवली.

"अप्पा, ती प्रश्नावली होती," मी म्हणाले. "सगळ्यांना विचारायचे तेच प्रश्न. मला काहीही नको होतं."

"कांहीं नको होतें?"

"काही नाही."

"तीन घंटे बसलीस माझ्यासमोर," अप्पा म्हणाले. "लग्न होऊन गेलीस, परत एकटी झालीस, नोकरी लागली, इतक्या वर्षांत कधीं इतकी बसली नाहीस. मला वाटलें, इतकें बसतें लेंकरूं तर मोठेंच कांहीं हवें असेल. घराहून मोठें माझ्याजवळ दुसरें काय आहे?"

भाऊ दारात उभा होता, चपला पायातच. तो आत आला आणि अम्माच्या शेजारी जमिनीवर बसला. मला माफ केल्यामुळे नसेल. बहुतेक त्याला उभं राहवेना. आजही तो माझ्याशी मोजूनच बोलतो.

त्या रात्रीचं माझं परतीचं तिकीट होतं. चार वाजता अप्पांनीच विचारलं, "गाडी किती वाजतां? ऑटोला सांगायचें की?" मला लाज वाटली आणि भीतीही वाटली, की आत्ता गेले तर सातव्या ओळीत काय लिहिलं जाईल ते मला ठाऊक होतं. रजिस्ट्रेशन. किंवा त्याहून वाईट. मी म्हणाले, तिकीट रद्द करते.

"कां? काम आहे?"

तोंडात चटकन आलं होतं, की विद्यापीठाचं थोडं काम इथेच उरकते. आमच्यात तसंच म्हणतात. येण्याला, राहण्याला काहीतरी निमित्त द्यायचं, म्हणजे कोणावर ओझं नको. मी ते गिळलं. "काम नाही. तुमच्याजवळ राहायचंय," मी म्हणाले. अम्मानं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

मी अकरा दिवस राहिले. ते दिवस काही गोड गेले असं मी म्हणणार नाही. पहिले चार दिवस अप्पा माझ्याशी गरजेपुरतं बोलत होते, आणि कचेरीतली गोष्ट मरुदानल्लूरपर्यंत पोचली आहे हे अम्मा रोज एकदा ऐकवत होती. मी भाजी चिरली की ती पुन्हा चिरायची. पाचव्या दिवशी मी तिच्याजवळ बसले आणि घराबद्दल तुला काय वाटतं ते विचारलं, कागदपेन न घेता. तिनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एकदा डाळ धुताना म्हणाली, "मीं मेल्यावर कोणालाही द्या. तोंवर माझी चूल कोणी हलवूं नये." मी ते अप्पांना सांगितलं. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. घर अजून त्यांच्याच नावावर आहे आणि मृत्युपत्रात चुलीचं कलम आहे.

फाइल मी त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. प्रश्नावली मी वाचली हे त्यांना माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरून मी हॉलमध्ये आले तर ते टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर, समोर तो कागद उलटा घातलेला. उजव्या बाजूला सातवी ओळ. आली, सोमवार, आठ वाजतां, हे आधीच लिहिलं होतं.

"गाडीची वेळ?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली. त्यांनी ती लिहिली. मग पेन्सिल शेवटच्या रकान्यावर नेली आणि थांबले. मी बॅगेचा पट्टा धरून उभी होते, आणि मला काहीही सुचवायचं नव्हतं. चाळीस प्रश्न विचारून झाले होते माझे.

अप्पांनी पेन्सिलीचं टोक बोटानं साफ केलं, आणि त्या रकान्यात एक रेघ ओढली.